नोव्हेंबरात बाळ कुठे असेल? जन्मतः वाकड्या पावलाचं एक प्रकरण

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे क्लबफूटची, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलांची ओपीडी असते. त्या ओपीडीतल्या एका मुलाची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी त्याला सोन्या म्हणतात. हे नाव आमच्याकडे घरोघरी असल्यामुळे तेवढं तसंच ठेवलं आहे.

पाऊल सरळ करायची पद्धत आता पक्की झालेली आहे आणि ती आम्हाला येते. तरीही या मुलाचं सरळ केलेलं पाऊल पुन्हा वळलं. ते का वळलं आणि त्यात आमचा वाटा किती होता, हे सविस्तर लिहायचं आहे.

पार्श्वभूमी

सोन्याचा जन्म 2023 च्या मे अखेरीस, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. आईवडील ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर कारखान्याकडे निघायचं, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, फडात राबून उचल फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. खाड्याचे पैसे हिशोबातून कापले जातात. खाडा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या उपचाराशी त्याचा काय संबंध, हे मात्र या मुलामुळे कळलं.

बाळाचं उजवं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. टाच वर ओढलेली, पंजा आत झुकलेला, तळव्याला खोल घडी. नर्सबाईंनी नोंद केली. पण घरी मालिश करणारी बाई म्हणाली, तेलानं चोळून सरळ होईल. त्यात दोन आठवडे गेले. मग आशाताईंनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवलं. या कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच झाली, आणि जन्मजात व्यंगांच्या यादीत क्लबफूट पहिल्यापासून आहे. पथकाच्या चिठ्ठीवर बाळ आमच्याकडे आलं तेव्हा ते 3 आठवड्यांचं होतं. तेवढ्या उशिरानं फारसं बिघडत नाही.

घरात बिघडलं होतं ते वेगळंच. 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. आईला तेव्हा दुसरा महिना संपून तिसरा लागला होता. टोळी निघायची घाई होती, आणि ती ओसरीवर बसून कोयत्याला धार लावत होती. आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, ते पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी बाळ टेबलावर ठेवून मी पाय तपासत असताना आजी म्हणाली, "गिऱ्हाण पाळलं नाही मॅडम, म्हणून पोराचा पाय असा झाला." आई भिंतीकडे बघत उभी होती.

मी तेव्हा "असं काही नसतं आजी" एवढंच म्हटलं आणि तपासणी पुढे चालू ठेवली. या चुकीकडे पुढे परत येईन.

क्लबफूट साधारण 800 ते 1000 जन्मांमागे एका बाळाला असतं. मुलींपेक्षा मुलग्यांत जवळपास दुप्पट दिसतं, आणि निम्म्या मुलांची दोन्ही पावलं वळलेली असतात. बहुतेकांत एकच एक कारण दाखवता येत नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता वाढते. जिथे ग्रहण पाळायची रीतच नाही अशा देशांतही ही बाळं जन्मतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पाऊल पुष्कळदा दिसतं, पण सोन्याच्या आईचा पाचवा महिना जानेवारीत, फडात गेला. ती सोनोग्राफी झालीच नाही.

पहिला उपचार

आधी पाठीचा कणा, खुबे आणि हात तपासले. पाठीवर खड्डा, केसांचा पुंजका, सांध्यांचा ताठरपणा, असं काही नव्हतं. म्हणजे पावलाचं दुखणं पावलापुरतंच होतं. बोटानं हलकेच ढकलून पाऊल मधोमध येत नव्हतं, त्यामुळे गर्भात नुसतं दुमडून राहिलेलं पाऊलही हे नव्हतं. पिरानी पद्धतीनं गुण दिले तर 6 पैकी साडेपाच. या मोजणीत गुण जितके जास्त तितकं पाऊल कडक.

उपचार पोन्सेटी पद्धतीचा. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले अस्थिरोगतज्ज्ञ. मोठ्या शस्त्रक्रियेनं सोडवलेली पावलं पुढच्या आयुष्यात ताठर आणि दुखरी होतात हे पाहून त्यांनी गेल्या शतकाच्या मध्याला हातानं वळवून प्लास्टर घालायची पद्धत बसवली. टाचेला हात लावायचा नाही. घोट्याच्या पुढे बाहेरून जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्यावर अंगठा टेकवायचा आणि त्याच्याभोवती बाकीचं पाऊल हळूहळू बाहेर फिरवायचं. आधी तळव्याची खोल कमान, मग पंजा, त्याबरोबर टाचेचा तिरपेपणा, आणि सगळ्यात शेवटी वर ओढलेली टाच. हा क्रम मोडला तर पाऊल मधेच मोडल्यासारखं होऊन बसतं. प्लास्टर मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात, दर आठवड्याला नवं.

जूनच्या मध्याला सुरुवात केली. पाऊस सुरू झाला होता. आजी बाळाचा पाय खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून मोटारसायकलवरून आणायची, तरी तिसरं प्लास्टर भिजून मऊ पडलं. चौथ्याच्या वेळी पेरणी होती, एक आठवडा चुकला, आणि ते आले तेव्हा प्लास्टरच्या टोकाशी बोटं दिसत नव्हती. बोटं दिसेनाशी झाली म्हणजे प्लास्टर खाली घसरलं, आणि घसरलेलं प्लास्टर नसल्यापेक्षा वाईट. ते काढून पुन्हा घातलं. एकूण सात झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला, नेहमीप्रमाणे, टाचेमागची घट्ट शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) जागा बधिर करून बारीक छेदानं सोडवली आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घातलं. तेवढ्या वेळात ती शीर वाढीव लांबीनं पुन्हा जुळून येते.

प्लास्टर काढलं तेव्हा पाऊल सुंदर होतं. आईनं ते दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्यानं तळवा चाचपत राहिली. पहिल्यांदाच ती घडी तिच्या अंगठ्याखाली लागत नव्हती.

अडचण

इथून पुढचा टप्पा पालकांच्या हातात असतो. सरळ झालेलं पाऊल तसंच टिकवायला बूट-पट्टी लावायची. दोन बूट, मधे बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी आडवी पट्टी. उपचार झालेलं पाऊल 70 अंश बाहेर, चांगलं पाऊल 40 अंश. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग रात्र आणि दुपारची झोप, आणि हे चार वर्षांचं होईपर्यंत. बूट-पट्टी वाकडं पाऊल सरळ करत नाही, सरळ झालेलं फक्त धरून ठेवते. ती सुटली की पाऊल, विशेषतः पहिल्या वर्षात, आपल्या जुन्या जागी जायला बघतं. उलटून आलेल्या पावलांचं सगळ्यात मोठं कारण हेच.

हे सगळं आम्ही ऑगस्टच्या अखेरीस आई आणि आजी दोघींना समजावलं, बूट घालून काढून दाखवले, त्यांच्याकडून घालून घेतले. सप्टेंबरच्या तपासणीत सगळं छान होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही. पुढची तारीख मी 15 नोव्हेंबर दिली.

आणि दसऱ्यानंतर टोळी निघाली. कोल्हापूरकडे, आमच्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर.

15 नोव्हेंबरला ते आले नाहीत. मी वडिलांच्या नंबरवर फोन केला, तो बंद. पुढच्या आठवड्यात पुन्हा, डिसेंबरात आणखी एकदा. मग माझ्याच अक्षरात केसपेपरवर नोंद झाली: फॉलोअपला आले नाहीत, पालकांचं दुर्लक्ष.

एप्रिलमध्ये काय समजलं

2024 च्या एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर ते गावी परतले आणि चौथ्या दिवशी ओपीडीत हजर झाले. सोन्या 11 महिन्यांचा, टेबलाची कड धरून उभा राहणारा. उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टेकत होतं, टाच जमिनीपासून बोटभर वर. पाऊल काटकोनापर्यंतही येत नव्हतं. पिरानी अडीच.

सोबत त्याची नऊ वर्षांची बहीण होती. पाच महिने तिला मी विचारातच घेतलं नव्हतं.

आई म्हणाली, "मॅडम, पहाटे चारला माझ्या हातात कोयता असतोय. पोरगं हिच्याजवळ. बूट बी हीच घालायची." आजी त्या हंगामात गावीच थांबली होती, दुसऱ्या सुनेच्या बाळंतपणासाठी. म्हणजे ज्या दोघींना आम्ही शिकवलं, त्यातली एक फडात आणि दुसरी तीनशे किलोमीटर दूर. बूट घालायचं काम आलं ते कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, एकट्या असलेल्या या मुलीवर.

मी तिला म्हटलं, कसे घालायचीस, दाखव. तिनं बूट घेतला, सोन्याचं पाऊल पुढून सरकवलं, पट्टा आवळला. सगळं मन लावून केलं. पण टाच तळाला टेकलीच नव्हती. आम्ही देतो त्या बुटांना टाचेमागे एक छोटं भोक असतं. त्यातून टाच दिसली तरच बूट नीट बसला. मी तिला भोक दाखवलं. ती म्हणाली, "ह्यातून बघायचं हे मला कुणी सांगितलंच नाही."

मग बाकीचं हळूहळू उलगडलं. कोपीत पाळणा नसतो, साडीची झोळी असते. झोळीत बाळ घातलं की कापड दोन्ही अंगांनी आवळतं आणि पाय जवळ येतात. पट्टी मात्र आडवी. ती कापडात अडकायची, सोन्या तिरका व्हायचा, बुटातून टाच वर निसटायची आणि घासली जायची. डिसेंबरच्या सुरुवातीला टाचेमागे लाल चट्टा आला, मग फोड. बहिणीनं बूट काढले. आईनं रात्री फोड पाहिला आणि दोन दिवस राहू दे म्हणाली. फोड बरा झाला तोवर थंडी वाढली होती, सोन्या बूट बघूनच रडायला लागला होता, आणि आठवडाभरात ते चढेनासे झाले, कारण पाऊल वाढलं होतं. लहान बाळाचा बूट दर तीनचार महिन्यांनी बदलावा लागतो. मोठा जोड आमच्या कपाटात होता.

"तिथल्या दवाखान्यात का नाही दाखवलं?" मी विचारलं. वडील पहिल्यांदा बोलले. "एकदा निघालो होतो. मुकादम म्हणला, दोघं जाणार तर दोघांचा खाडा. आन तिथं जाऊन काय म्हणायचं? कागद सगळा तुमच्याकडं."

तो कागद मी उघडला. त्यावर माझीच नोंद होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता मोठ्या मापाचे बूट देऊन पुन्हा सुरुवात करायची. कुटुंबाला तोच हवा होता, पण तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. काटकोनात न येणाऱ्या पावलाला बूट घातले तर टाच बसतच नाही, पुन्हा घासते, पुन्हा फोड. आधी पाऊल सरळ, मग बूट.

दुसरा, मोठी शस्त्रक्रिया: आतल्या आणि मागच्या सगळ्या शिरा-सांधे एकदम मोकळे करणं. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सर्जनांचं मत होतं की हे कुटुंब बूट-पट्टी पाळणार नाही हे दिसलंच आहे, तर एकदाच काय ते करून टाकावं. मला या मताचा राग आला होता, हे कबूल करते. पण त्यामागचा विचार खोटा नव्हता. जो उपचार घरी टिकणारच नाही तो पुन्हापुन्हा सुरू करणं हाही मुलावर अन्यायच. प्रश्न एवढाच होता की बूट-पट्टी पाळली गेली नाही, की पाळता येईल अशी ती आम्ही दिलीच नव्हती? शिवाय मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही पाऊल परत वळू शकतं, बूट लागतातच, आणि त्या पावलाचा ताठरपणा मुलाला जन्मभर सांभाळावा लागतो. उन्हातान्हात कष्टाचं काम वाट्याला येऊ शकणाऱ्या मुलाला लवचीक पाऊल जास्तच गरजेचं.

तिसरा, तीन वर्षांचा होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढच्या बाजूची एक शीर बाहेरच्या अंगाला हलवायची. पाऊल उचलताना आत वळतं तेव्हा ही शस्त्रक्रिया उपयोगी असते. पण जिथे शीर बसवायची ते हाड तोपर्यंत पुरेसं तयार झालेलं लागतं, आणि पाऊल आधी लवचीक असावं लागतं. दोन वर्षं वाकड्या पावलावर चालून ते कडक झालं असतं.

चौथा, प्लास्टरची पद्धत पुन्हा पहिल्यापासून. उलटलेल्या बहुतेक पावलांना ती पुन्हा लागू पडते. आम्ही हीच निवडली. ज्येष्ठ सर्जनांनी अट घातली: पुढच्या हंगामाचं काय करणार ते लिहून आणा, मगच बूट. अट कडक वाटली, पण या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता.

काय केलं

प्लास्टर मेमध्ये सुरू झाली. या वयात ती दोन-दोन आठवड्यांनी बदलली तरी चालतात, त्यामुळे फेऱ्या निम्म्या झाल्या. चार प्लास्टरनंतर पंजा सरळ झाला, पण टाच अडून बसली. इथे थोडा वाद झाला. आणखी दोन प्लास्टर घालून ओढावं, की शीर पुन्हा सोडवावी? मी आणखी प्लास्टरच्या बाजूची होते. ऑपरेशन नको एवढंच माझ्या मनात होतं. सर्जनांनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाले, टाच अडलेली असताना पुढून जोर लावत राहिलो तर पाऊल मधोमध मोडेल आणि तळवा फुगीर होईल. त्यांचं बरोबर होतं. जुलैमध्ये छोट्या भुलीखाली शीर दुसऱ्यांदा सोडवली. तीन आठवड्यांनी पाऊल काटकोनापलीकडे 15 अंश वर येत होतं.

चालायला शिकणाऱ्या पोराला 23 तास बांधून ठेवणं जमणार नव्हतं. रात्र आणि दुपारची झोप मिळून 14 तास ठरले.

आणि मग सर्जनांनी मागितलेला तो कागद. त्यासाठी एका दुपारी मी आईवडील, आजी आणि बहीण या चौघांना घेऊन बसले आणि विचारलं: नोव्हेंबरात बाळ कुठे असेल, कुणाजवळ असेल, कुठे झोपेल?

सोन्याला आजीजवळ गावी ठेवावं, हे मी सुचवलं होतं. आई नको म्हणाली, तो अजून अंगावर पीत होता. आईनं न जाणं शक्य नव्हतं, उचल घेऊन झाली होती, आणि एकट्या नवऱ्याचा अर्धा कोयता झाला असता. बहीण सोबत गेली तर तिचं शाळेचं आणखी एक वर्ष जाणार होतं. शेवटी आजीनंच तोडगा काढला: "मी येते कोपीवर. पोरीला ठिवा शाळेत." गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती, मुलगी तिथे राहिली. मला मनापासून बरं वाटलं. सहा महिन्यांपूर्वी मी याच मुलीला बुटाचं भोक दाखवत होते.

झोळीला पर्याय म्हणून वडिलांनी बांबूची चौकट करून तिला पोतं ताणून बसवलं, खाटेसारखं. त्यावर पट्टी आडवी राहू शकते. एक मोठ्या मापाचा बूटजोड आधीच दिला, पिशवीवर "संक्रांतीनंतर" असं लिहून. सुती मोजे दिले. सगळ्या उपचाराची नोंद एका पानावर मराठीत लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घातली, म्हणजे कुठल्याही दवाखान्यात दाखवता येईल. कोल्हापूर भागातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला, म्हणजे जन्मजात व्यंगं असलेली मुलं तपासणाऱ्या सरकारी केंद्राला, आमच्याकडून पत्र गेलं आणि तिथल्या दोन तारखा ठरल्या. आमच्या डॉक्टरांनी मुकादमाला स्वतः फोन केला. तो म्हणाला, दोन दिवस खाडा धरणार नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. सगळ्यांसमोर, आजीकडे बघून, सर्जनांनी सांगितलं: "या बाईनं काही केल्यानं पाय वाकडा झालेला नाही. कोयत्याला धार लावली नसती तरी तो असाच असता." आजी गप्प बसली. तिचं मत बदललं की नाही, सांगता येणार नाही. पुढच्या वेळी ते आले तेव्हा पट्टीच्या मधोमध काळा दोरा बांधलेला होता. मी तो काढायला सांगितलं नाही. त्या दोऱ्यापाशी बूट कुठे अडत नव्हता, आणि दोरा बांधणारा हात रोज रात्री पट्टीला लागत होता.

दुसरा हंगाम

सगळं ठरल्यासारखं झालं नाही. पहिल्या तारखेला आजी सोन्याला घेऊन एकटी केंद्रात गेली, तपासणी झाली. दुसऱ्या तारखेला टोळी दुसऱ्या फडावर गेली होती आणि खाड्याचं वचन मुकादमाला आठवलं नाही. ती भेट चुकली. तेव्हा आजीनं शेजारच्या कोपीतल्या पोराच्या मोबाइलवरून आम्हाला व्हिडिओ पाठवला: सोन्या पोत्याच्या खाटेवर, बूट घातलेले, आणि कॅमेरा थेट टाचेमागच्या भोकावर नेलेला. टाच दिसत होती. आजीनं स्वतःच ठरवलं होतं की मॅडमला हेच बघायचं असणार.

रात्री ट्रक भरायला आईवडील दोघं गेले की आजी बूट चढवायची आणि पट्टी धरून दोन्ही पाय एकत्र वरखाली हलवायची, गाणं म्हणत. पहिले काही दिवस मुलं रडतात ती एकेक पाय वेगळा झाडायला जातात म्हणून. दोन्ही पाय एकत्र हलवायची सवय लागली की रडणं कमी होतं. हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. थकून आलेल्या आईला ते करायला सवड नसते.

काय वेगळं करता आलं असतं

2023 च्या ऑगस्टमध्ये, शेवटचं प्लास्टर काढलं त्या दिवशी, मी 23 तास, 70 अंश, चार वर्षं, हे सगळं सांगितलं. ऑक्टोबरात तुम्ही कुठे असाल, हे विचारलं नाही. वडिलांचा व्यवसाय केसपेपरवर लिहिलेला होता. ऊसतोड. तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर असताना मी नोव्हेंबरची तारीख दिली. बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना या भागांत काम करणाऱ्या प्रत्येक ओपीडीत हा शब्द रोज लिहिला जातो. ज्यांच्या कामात खाडा नसतो त्यांच्यासाठी बनलेलं वेळापत्रक आम्ही या घरांना देतो, आणि ते पाळलं गेलं नाही की दुर्लक्ष म्हणतो.

शिकवायचं कुणाला, याचाही विचार केला नाही. आपण आईला शिकवतो कारण आई समोर असते. पण बूट रोज कोण घालणार हे विचारलं असतं तर नऊ वर्षांच्या त्या मुलीचं नाव पहिल्या मिनिटात आलं असतं. एवढ्या लहान मुलीवर ती जबाबदारी टाकणं बरोबर नाहीच. पण तिच्यावर ती पडणार हे समजलं असतं, तर तेव्हाच दुसरा मार्ग शोधता आला असता.

प्लास्टर लवकर संपवून बूट-पट्टीचे 23 तासांचे तीन महिने दसऱ्याआधी बसवता आले असते का? मी हिशोब करून पाहिला. मे अखेरीस जन्मलेल्या बाळाचं पहिल्याच आठवड्यात सुरू केलं असतं, एकही प्लास्टर वाया गेलं नसतं, तरीही शेवटचे दिवस हंगामाला लागलेच असते. म्हणजे नुसत्या घाईनं हे सुटणारं नव्हतं.

ग्रहणाच्या बोलण्यावर मी पहिल्या दिवशी पुढे निघून गेले, त्याची किंमतही मोजावी लागली. आईनं नंतर एकदा सांगितलं की टाचेला फोड आला तेव्हा कुणाला फोन करायचं तिचं धाडस झालं नाही, आधीच आपल्यामुळे झालंय, आता आणखी बिघडवलं म्हणतील असं वाटलं. माझं एक वाक्य त्या दिवशी पुरेसं ठाम असतं तर डिसेंबरातच मला तो फोड कळला असता. मोठे बूट एसटीच्या पार्सलनं पाठवता आले असते.

आजची स्थिती

2025 च्या शेवटी सोन्या अडीच वर्षांचा झाला. टाच खाली टेकते, तळवा सपाट पडतो, तो पळतो. उजवी पोटरी डावीपेक्षा बारीक आहे आणि उजवं पाऊल थोडं आखूड. हे तसंच राहणार. आईला ते आधीच सांगून ठेवलं आहे, नाहीतर पुन्हा कुणीतरी तिला दोष देईल. पळताना पाऊल उचललं की पंजा किंचित आत वळतो. त्यावर आमची नजर आहे. तिसऱ्या वर्षानंतरही तो वळत राहिला तर शीर हलवायची शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि करायची झाली तर मे-जूनमध्ये, म्हणजे प्लास्टर निघेपर्यंत घर गावातच असेल.

आमच्या ओपीडीच्या केसपेपरवर आता पत्त्याखाली एक ओळ हातानं आखतो: दसरा ते पट्टा पडेपर्यंत मुक्काम कुठे, बाळ कुणाजवळ. सोन्याच्या कागदावर तिथे यंदा फडाचं गाव, आजी, आणि शेजारच्या कोपीतल्या पोराचा नंबर लिहिलेला आहे. बूट 14 सेंटिमीटरचे नेले, साडेचौदाचे पिशवीत आहेत.